गोठलेल्या तळ्यावरील राजवाडा

आपल्याकडे हिवाळा हा सुखाचा ऋतू मानला गेला आहे. शेतातला हुरडा, अंगणातली शेकोटी, धुक्यात बुडालेली बेळगावची पहाट, दुलईतून बाहेर निघू न देणारी इंदूर-ग्वाल्हेरची सकाळ, असे त्याचे रूप. थंडी कडाडली तरी ती चार-सहा आठवड्यांची पाहुणी. संक्रांतीचा तिळगूळ खाऊन झाला की ती निघण्याच्या तयारीला लागते. अशा ऋतूचा आनंद घेण्यासाठी माणसाला काही शिकावे लागत नाही. परंतु जेथे चार-चार महिने तळ्यांचे पाणी दगडासारखे घट्ट होऊन राहते, जेथे दार उघडताच श्वासाचे हिमकण होतात, तेथे हिवाळ्याचा आनंद आपोआप मिळत नाही; तो शोधून काढावा लागतो. एका लहानशा अमेरिकन गावाने तो कसा शोधला याचा इतिहास पुष्कळसा लिहून ठेवला गेला आहे. त्या इतिहासातील मुख्य पात्रे धट्टेकट्टे खेळाडू नसून क्षयरोगी आहेत, हा त्यातला विशेष.

न्यूयॉर्क म्हटले म्हणजे आकाशाला भिडणाऱ्या इमारतींचे शहर डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु त्याच नावाच्या राज्याच्या उत्तर भागात, कॅनडाच्या सरहद्दीपासून फार दूर नाही अशा ठिकाणी, अ‍ॅडिरॉनडॅक नावाचा डोंगराळ व अरण्यमय प्रदेश आहे. हिमयुगातील प्रचंड हिमनद्यांनी खरवडून काढलेल्या या भूमीत लहानमोठी तीन हजारांहून अधिक तळी आहेत. १८९२ साली येथे राखीव उद्यानाची स्थापना झाली आणि वाढत वाढत त्याचा विस्तार सुमारे ६० लाख एकरांचा झाला. या उद्यानाच्या पोटात सॅरनॅक लेक नावाचे गाव वसले आहे. वस्ती जेमतेम पाच हजारांची. गाव एक, पण ते दोन जिल्ह्यांत आणि तीन तालुक्यांत विभागलेले आहे. शासनाच्या रेघा माणसांच्या घरांमधून कशा जातात हे सीमाभागातील वाचकांना सांगण्याची गरज नाही! गावाच्या मधोमध जे तळे आहे त्याला लेक फ्लॉवर म्हणतात. ते निसर्गाने दिलेले नव्हे. प्लायनी मिलर नावाच्या वसाहतवाल्याने १८२७ साली लाकडाच्या गिरणीसाठी सॅरनॅक नदीवर बांध घातला आणि त्याच्या मागे पाणी तुंबून हे तळे झाले.

तळे गोठते म्हणजे काय होते हे थोडक्यात पाहणे आवश्यक आहे, कारण पुढील सारा खेळ त्यावरच उभा आहे. बहुतेक पदार्थ थंड होताना आकसतात आणि जड होतात. पाणी मात्र चार अंश सेल्सियसपर्यंत तसे वागते आणि त्याखाली गेले की उलट प्रसरण पावू लागते. त्यामुळे अधिक थंड झालेले पाणी तळाशी न जाता वर राहते, वरच गोठते, आणि बर्फाचा थर हा तळ्याचे झाकण होऊन बसतो. खाली मासे जिवंत राहतात, वर माणसे चालतात. पाण्याच्या अंगी हा चमत्कारिक धर्म नसता, तर उत्तरेकडील तळी तळापासून गोठत आली असती आणि त्यांत एकही जीव उरला नसता. या प्रदेशात पारा शून्याखाली तीस अंश सेल्सियसपर्यंत उतरल्याच्या नोंदी आहेत. मग त्या झाकणावरून माणसेच काय, घोडे जुंपलेल्या घसरगाड्याही खुशाल जात.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत येथील हिवाळ्याकडे आनंदाच्या दृष्टीने कोणी पाहिले नव्हते. उन्हाळ्यात शहरांतील सधन मंडळी शिकारीस व मासेमारीस येत. पॉल स्मिथ नावाच्या माणसाने १८५९ साली एका तळ्याकाठी त्यांच्यासाठी हॉटेल उघडले होते. पानझड झाली की ही मंडळी परतत. मागे राहत ते लाकूडतोडे आणि वाटाडे. त्यांतही छातीचा विकार असलेल्या माणसाने येथे हिवाळा काढणे म्हणजे मरण ओढवून घेणे, अशीच समजूत होती. त्या काळी क्षयरोग्याच्या खोलीच्या खिडक्या घट्ट लावून घेत. बाहेरची हवा लागली की खोकला बळावतो, हे वैद्यकशास्त्राचेच सांगणे होते.

एडवर्ड लिव्हिंग्स्टन ट्रूडो या तरुणाने ते सांगणे अक्षरशः पाळले होते. १८४८ साली जन्मलेल्या ट्रूडोचा थोरला भाऊ १८६५ साली क्षयाने आजारी पडला. सतरा वर्षांच्या धाकट्या भावाने बंद खिडक्यांच्या खोलीत रात्रंदिवस त्याची शुश्रूषा केली, त्याच्याच शेजारी झोपला, आणि भावाने त्याच्या डोळ्यांदेखत प्राण सोडला. रोग सांसर्गिक आहे हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हते. पुढे ट्रूडो डॉक्टर झाला, १८७१ साली पदवी घेऊन त्याने विवाह केला, आणि दोनच वर्षांनी त्याच्याही फुप्फुसात तोच रोग आढळला. मरायचेच आहे तर आवडत्या अरण्यात मरावे, अशा विचाराने १८७३ च्या उन्हाळ्यात तो पॉल स्मिथच्या हॉटेलात आला. एका वाटाड्याने त्याला उचलून माडीवर नेले. याचे वजन वाळलेल्या कोकराच्या कातड्याइतकेही नाही, असे तो वाटाड्या म्हणाल्याची आठवण ट्रूडोने आपल्या आत्मचरित्रात नमूद केली आहे.

तो मेला नाही. उघड्या हवेत, नावेत पडून राहून, भरपूर खाऊन त्याचे वजन वाढले. शहरात परतताच प्रकृती पुन्हा ढासळली. तेव्हा त्याने त्या काळी वेडेपणाचाच वाटणारा निर्णय घेतला: अरण्यात हिवाळाही काढावयाचा. १८७५ च्या जानेवारीत, पत्नी व लहान मुले यांना बरोबर घेऊन, हिमवादळातून घसरगाडीने तो पॉल स्मिथकडे निघाला. घोडे हिमात रुतत, वाट पुसली जाई; तो प्रवास पुरा होण्यास तीन दिवस लागले. हॉटेलवाल्याच्या कुटुंबाने त्यांना थारा दिला. तो हिवाळा त्याला बाधला तर नाहीच, उलट मानवला. १८७६ पासून त्याने सॅरनॅक लेक येथे घर केले. तेव्हा त्या गावात एक लाकडाची गिरणी, वाटाड्यांसाठी एक लहानसे हॉटेल, एक शाळा आणि डझनभर घरे यांपलीकडे काही नव्हते.

येथपर्यंतची गोष्ट एका माणसाच्या दैवाची. तिला इतिहासाचे रूप आले ते १८८२ मध्ये. त्या वर्षी दोन गोष्टी घडल्या. जर्मनीत रॉबर्ट कोख याने क्षयाचे जंतू शोधल्याचे जाहीर केले. आणि ब्रेमर व डेटवायलर या जर्मन डॉक्टरांच्या डोंगरातील आरोग्यधामांची हकीगत ट्रूडोच्या वाचनात आली. ट्रूडोला जर्मन येत नव्हते. एका मित्राने कोखच्या निबंधाचे भाषांतर करवून त्याला नाताळची भेट म्हणून दिले. घरातल्या लहानशा खोलीत, रॉकेलच्या दिव्याने ऊब दिलेल्या ओबडधोबड पेटीत, रेल्वे नसलेल्या खेड्यातल्या या आजारी डॉक्टराने ते जंतू वाढवून दाखविले. याच दिव्याने पुढे १८९३ मध्ये त्याचे घर जाळले. १८९४ साली त्याने दगडी प्रयोगशाळा बांधली.

आरोग्यधामासाठी जमीन दिली ती गावच्या वाटाड्यांनी आणि रहिवाशांनी. त्यांनी वर्गणी काढून सोळा एकर जागा घेतली आणि ट्रूडोला दिली. १८८५ च्या फेब्रुवारीत, म्हणजे ऐन हिवाळ्यात, पहिली झोपडीवजा कुटी तयार झाली. चौदा फूट रुंद, अठरा फूट लांब. तांबड्या रंगामुळे तिला लहानगी तांबडी असेच नाव पडले. पहिल्या रुग्ण होत्या न्यूयॉर्कच्या कारखान्यात काम करणाऱ्या दोन गरीब बहिणी. आठवड्याला पाच डॉलर शुल्क ठेविले होते. खर्च याहून अधिक येई. तो धनिकांकडून देणग्या मागून भागविला जाई. ज्या आजाराने १८८७ च्या फेब्रुवारीत, अमेरिकेतून डॉक्टरीची पदवी घेऊन नुकत्याच परतलेल्या आनंदीबाई जोशी यांना पुण्यात गाठले, तोच हा आजार, आणि तीच ही वर्षे. औषध कोणापाशीच नव्हते.

औषध नाही, तर मग उपचार कोणता? उपचार होता हिवाळा. रुग्णाने रोज सहा-आठ तास उघड्या गॅलरीत आरामखुर्चीवर पडून राहावयाचे. अंगावर केसाळ कातड्याचा कोट, त्यावर घोंगड्यांच्या घड्या, पायांशी ऊन पाण्याची मातीची बाटली, हातात मोजे. नाकाचा शेंडा तेवढा उघडा. हिम पडत असले तरी जागा सोडावयाची नाही. दूध आणि अंडी पोटभर. बोलणे कमी, हालचाल त्याहून कमी. गावातील घरांना अशा गॅलऱ्या जोडल्या जाऊ लागल्या, कारण आरोग्यधामात सर्वांना जागा मिळत नसे आणि आरोग्यधामाबाहेरच्या रुग्णांना खोल्या भाड्याने देणे हाच गावाचा धंदा झाला. काचेच्या तावदानांच्या त्या गॅलऱ्या जुन्या घरांना आजही दिसतात.

या काळातील एक प्रसिद्ध पाहुणा म्हणजे ‘ट्रेझर आयलंड’चा लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन. १८८७ च्या ऑक्टोबरात तो आला. गावापर्यंत रेल्वे येण्यास अजून दोन महिने होते, म्हणून शेवटचा टप्पा त्याने गाडीतून खडखडत पार केला. फुप्फुसाच्या आजाराने तो जन्मभर गांजलेला. सबंध हिवाळा त्याने एका वाटाड्याच्या घरात काढला, मासिकासाठी निबंध लिहिले, तळ्यावर स्केटिंग केले. आणि एका रात्री कडक थंडीत व्हरांड्यात येरझारा घालताना ‘मास्टर ऑफ बॅलन्ट्रे’ या कादंबरीची कल्पना सुचल्याचे त्यानेच पुढे लिहिले. तथापि त्याला हा हिवाळा आवडला असे म्हणणे धाडसाचे होईल. एप्रिल उजाडताच त्याने गाव सोडले, दोन महिन्यांत दक्षिण समुद्राकडे जाणारे जहाज गाठले, आणि उरलेले आयुष्य त्याने उष्ण कटिबंधातील बेटांवर घालविले. सर्वांनाच थंडी मानवते असे नाही.

येथे एका गोष्टीकडे लक्ष द्यावयास हवे. गाव वाढत होते, १८९२ मध्ये त्याची नगरपालिका झाली आणि ट्रूडोच तिचा पहिला अध्यक्ष झाला. पण या गावाचा हिवाळा भयंकर लांबलचक होता आणि त्यातील कित्येक रहिवासी खुर्चीला खिळलेले होते. शेजारच्या खुर्चीवरचा मनुष्य एके सकाळी दिसेनासा व्हावा, ही तेथील नित्याची गोष्ट. खुद्द ट्रूडोची मुलगी १८९३ मध्ये त्याच रोगाने गेली. आजाऱ्यांची ही स्थिती, तर त्यांची सेवा करणाऱ्यांचे, त्यांना खोल्या देणाऱ्यांचे, दूध पोहोचविणाऱ्यांचे मनही त्याच सावटाखाली असणार. १८९६ साली काही मंडळींनी पाँटिॲक क्लब स्थापन केला तो घराबाहेरील खेळांना उत्तेजन देण्यासाठी. आणि १८९७ मध्ये या क्लबाने हिवाळ्याचा पहिला कार्निव्हल भरविला. स्केटिंगच्या शर्यती, वेषांतरे, मिरवणूक. पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, तळ्याच्या बर्फाचा राजवाडा उभा राहिला.

कार्निव्हल हा शब्द गोव्यातील वाचकांच्या घरचाच. तेथे तो ‘इंत्रूज’ या नावानेही ओळखला जातो, आणि उपवासकाळाच्या तोंडावर येतो. सॅरनॅक लेकचा उत्सव धार्मिक पंचांगाला बांधलेला नाही. पण काळ साधारण तोच, फेब्रुवारीचा, आणि राजा निवडण्याची हौसही तीच. येथे राजाबरोबर राणीही निवडतात. फरक एवढाच की गोव्याचा राजा घामाघूम होतो आणि येथील राजाचे कान गारठतात.

राजवाडा बांधण्याची रीत जाणून घेण्यासारखी आहे. तिचे मूळ उत्सवात नसून व्यापारात आहे. शीतकपाटे येण्यापूर्वी तळ्याचा बर्फ हे तेथील हिवाळी पीकच होते. शेतकरी जानेवारीत तळ्यावरील हिम खरडून काढीत. हिमाची दुलई थंडी आत जाऊ देत नाही, ती दूर केली की बर्फाचा थर जाड होतो. मग त्यावर पाटीवरच्या चौकटीसारख्या रेघा आखून करवतीने ठोकळे कापीत, पाण्याच्या मोकळ्या पाटातून लांब काठ्यांनी ढकलीत काठापर्यंत आणीत आणि लाकडाच्या भुशात रचून ठेवीत. ते उन्हाळाभर टिकत. मॅसॅच्युसेट्स राज्यातील तळ्यांतून याच पद्धतीने कापलेला बर्फ १८३३ साली जहाजाने कलकत्त्यास उतरला होता, आणि त्यानंतर मुंबई व मद्रास येथेही येऊ लागला. मुंबईकरांनी चाखलेला पहिला बर्फ हा असा गोठलेल्या परदेशी तळ्याचा तुकडा होता.

लेक फ्लॉवरवर आजही ठोकळे कापतात ते साधारण दोन फूट रुंद व चार फूट लांब. बर्फ एक फूट जाड असेल तर असा एक ठोकळा सुमारे दोनशे किलोंचा भरतो, आणि चांगल्या थंडीच्या वर्षी जाडी याहून पुष्कळ असते. भिंत रचताना चुना नाही, सिमेंट नाही. पाणी आणि हिम कालवून केलेला चिखल सांध्यांत भरला की थोड्याच वेळात तो दगड होतो. बुरूज, कमानी, सिंहासन सारे याच द्रव्याचे. रात्री आतून रंगीत दिवे लावतात आणि शोभेच्या दारूने आकाश उजळतात. बांधणारे पगारी कारागीर नसतात. दुकानदार, शिक्षक, सुतार, निवृत्त माणसे असे गावकरीच ही वेठ आनंदाने करतात. काही वर्षे जवळच्या तुरुंगातील कैदीही या कामास आणले जात. तो तुरुंग २००९ मध्ये बंद झाला.

हिवाळ्याच्या आनंदाचा दुसरा मार्ग याच प्रदेशात, दहा मैलांच्या आत, लेक प्लॅसिड या गावी निघाला. आणि तो मार्ग दाखविणारा मनुष्य ग्रंथालयांत जाणाऱ्या प्रत्येकाला नावाने ठाऊक आहे. पुस्तकांच्या पाठीवर दशांश आकडे घालण्याची पद्धत शोधणारा मेल्व्हिल ड्यूई तो हाच. सयाजीराव महाराजांनी १९१० साली बडोद्यास बोलाविलेले अमेरिकन ग्रंथपाल बॉर्डन यांनी तेथे जे वर्गीकरण घातले, त्यातही ड्यूईच्या पद्धतीचा अंश होता. ड्यूईने १८९५ मध्ये लेक प्लॅसिडला सहलीचा क्लब काढला आणि १९०४-०५ च्या हिवाळ्यात तो बंद न करता चालू ठेवला. नॉर्वेहून लाकडी स्की मागविल्या. सधन पाहुण्यांना बर्फावर घसरण्याची गोडी लागली. परंतु या क्लबाच्या दारावर ज्यूंना बंदी होती. त्याविरुद्ध १९०५ मध्ये तक्रार झाली, आणि राज्याचे ग्रंथपालपद ड्यूईला सोडावे लागले. ज्ञानाच्या दहा वर्गांत सर्व जगाला जागा देणाऱ्या माणसाला आपल्या अंगणात मात्र सर्वांना जागा देता आली नाही. त्याचा मुलगा गॉडफ्रे याच्या खटपटीने १९३२ साली तिसरे हिवाळी ऑलिंपिक याच लहानशा गावी भरले. उद्घाटन राज्याचे तत्कालीन गव्हर्नर फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी केले. १९८० मध्ये ते पुन्हा तेथे भरले, आणि हिवाळी ऑलिंपिकात कृत्रिम हिमाचा उपयोग प्रथम झाला तो त्याच वेळी.

दोन्ही गावांचा हिवाळा एकच, तळी एकाच डोंगरातली. एकाने तो निरोगी व श्रीमंत पाहुण्यांना विकला. दुसऱ्याने तो आजाऱ्यांबरोबर वाटून घेतला. अर्थात सॅरनॅक लेकलाही पोट होतेच, आणि रुग्णांच्या भाड्यावर ते भरत होते, हे विसरता येत नाही. पण त्या गावाला आजारी माणसाकडे पाहून दार लावून घेणे परवडले नाही, एवढे खरे.

त्या गॅलऱ्यांवर पडून राहिलेल्यांत एक नाव असे आहे की ते ऐकताच मराठी वाचकाला सोलापूर आठवावे. १९२६ मध्ये नॉर्मन बेथ्यून नावाचा कॅनेडियन शस्त्रवैद्य क्षयाने आजारी होऊन ट्रूडो आरोग्यधामात आला. (मूळ संस्थापक १९१५ मध्ये निवर्तल्यावर आरोग्यधामास त्याचे नाव दिले गेले होते.) बेथ्यून शिस्त पाळणारा रुग्ण नव्हता. त्याने व त्याच्या कुटीतील सोबत्यांनी पथ्य मोडून दंगामस्ती करावी, आणि डॉक्टरांनी कपाळाला हात लावावा, असा तो काळ. भिंतीवर त्याने आपल्या रोगाची चित्रमालिकाच काढली. शेवटच्या चित्रात मृत्युदेवतेच्या मांडीवर तो स्वतः विसावला आहे. पण मरणाची वाट पाहता पाहता त्याने फुप्फुस दाबून त्याला विश्रांती देण्याच्या एका नव्या शस्त्रक्रियेविषयी वाचले आणि ती स्वतःवर करवून घेण्याचा हट्ट धरला. तो बरा होऊन १९२७ च्या अखेरीस बाहेर पडला. पुढे चीनमध्ये जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करीत असता रक्त दूषित होऊन १९३९ मध्ये तो मरण पावला. त्याच्या नावाने निघालेल्या तेथील इस्पितळाचे प्रमुखपद १९४१ मध्ये स्वीकारले ते सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांनी. आणि १९४२ च्या डिसेंबरात तेही तेथेच गेले.

आता मूळ प्रश्न. थंड हवेने क्षय बरा होत होता का? ट्रूडोने याची परीक्षा सशांवर केली होती. जंतू टोचलेले पाच ससे अंधाऱ्या कोंदट जागी ठेविले. जंतू न टोचलेले पाच तशाच जागी ठेविले. आणि जंतू टोचलेले पाच एका तळ्यातील बेटावर मोकळे सोडले. पहिल्यांतील चार मेले, दुसरे रोडावले पण जगले, आणि बेटावरच्यांपैकी एकच दगावला. चांगले अन्न, मोकळी हवा, विश्रांती यांनी शरीराला रोगाशी झगडण्याचे बळ येते, एवढा निष्कर्ष त्यातून निघत होता आणि तेवढाच त्याने काढला. थंडीतच काही औषधी गुण आहे ही लोकांची समजूत मात्र त्यापुढे गेली. १९४३ मध्ये न्यू जर्सीतील वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत स्ट्रेप्टोमायसिन सापडले, १९५२ मध्ये आयसोनियाझिड आले, आणि खुर्च्या रिकाम्या होऊ लागल्या. ट्रूडो आरोग्यधाम १९५४ मध्ये बंद झाले.

शेवटचा निकाल लागला तो बर्फाच्या प्रदेशात नव्हे, तर मद्रासच्या उकाड्यात. १९५६ पासून तेथील केंद्रात गरीब रुग्णांचे दोन गट करण्यात आले. एका गटाला आरोग्यधामात खाट, विश्रांती व चांगला आहार. दुसऱ्या गटाने आपल्या दाटीवाटीच्या घरी राहून तीच औषधे घ्यावयाची. १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन्ही गट जवळजवळ सारखेच बरे झाले. गुण औषधाचा होता. जगभरची आरोग्यधामे त्यानंतर एकामागून एक ओस पडत गेली. मग सॅरनॅक लेकच्या गॅलऱ्यांत कुडकुडत घालविलेली ती हजारो माणसांची वर्षे फुकट गेली काय? ज्यांच्या अंगी थोडे बळ शिल्लक होते, त्यांना विश्रांतीने आणि दुधाने ते टिकविता आले. ज्यांच्या अंगी नव्हते, ते गेले. पण ज्याला बंद खोलीत वाट पाहत मरावयाचे होते, त्याला उघड्या आकाशाखाली, शेजारच्या खुर्चीवरच्या सोबत्याशी थट्टा करीत दिवस काढता आले. डॉक्टरी हिशेबात हा जमेचा आकडा बसत नाही. म्हणून तो शून्य ठरत नाही.

गावाचा धंदा एका पिढीत बुडाला. औषधाने रोगी वाचले आणि रोग्यांवर जगणारे गाव अडचणीत आले. अशी गंमत इतिहासात क्वचित पाहावयास मिळते. ट्रूडोच्या वंशजांनी १९६४ मध्ये संशोधनसंस्था काढून काही परंपरा पुढे चालविली. बर्फ विकण्याचा धंदाही शीतकपाटांनी संपविला होता. म्हणजे ज्या दोन कारणांनी हे गाव हिवाळ्यात जागे राहत असे, ती दोन्ही नाहीशी झाली. राहिला तो कार्निव्हल. मधली काही वर्षे त्यात खंड पडला होता, तरी तो टिकला. आज तो दहाएक दिवस चालतो. १९८१ पासून दरवर्षी त्याच्या बिल्ल्याचे चित्र काढतो तो व्यंगचित्रकार गॅरी ट्रूडो. तो त्या डॉक्टरांचा पणतू. आपल्या पणजोबाला जेथे मरावयास आणले होते, त्या गावाच्या जत्रेचा बिल्ला तो रंगवितो.

अलीकडे एक नवी काळजी आहे. लेक प्लॅसिड गावातील मिरर लेक या तळ्याच्या गोठण्याच्या व वितळण्याच्या नोंदी १९०३ पासून ठेविल्या गेल्या आहेत, आणि त्या पाहता तळे पूर्वीपेक्षा उशिरा गोठते व लवकर मोकळे होते. राजवाडा बांधणाऱ्यांना आता आकाशाकडे अधिक वेळा पाहावे लागते.

उत्सव आटोपला की राजवाडा कोणाचा राहत नाही. ऊन चढू लागले, ठोकळे निसरडे झाले, की तो धोक्याचा ठरण्यापूर्वी पाडतात. बुरूज कोसळतात, जेथून कापून काढले होते त्याच तळ्याच्या काठी ढिगारे महिनाभर पडून राहतात आणि झिरपत जातात. ते पाणी लेक फ्लॉवरमध्ये उतरते, प्लायनी मिलरने जेथे बांध घातला होता तेथून खाली पडते, आणि सॅरनॅक नदीतून वाहत वाहत शॅम्प्लेन सरोवरास मिळते.